घडी मोडणारा हात

"मोडाले कोणाले देली?" आईनं फोनवर विचारलं, आणि प्रणालीला हसूच आलं. राजापेठच्या सिग्नलला गाडी थांबली होती, आईचा आवाज गाडीच्या स्पीकरवर होता आणि नवं घड्याळ डाव्या मनगटावर. इतकं जीव लावून घेतलेलं घड्याळ ती कशाला मोडायला देईल? मग तिच्या ध्यानात आलं. बोलता बोलता तिनंच सांगितलं होतं, आई, मी नवी घडी घेतली. वऱ्हाडात घड्याळाला घडीच म्हणतात, पण आईच्या कानाला घडी म्हटली की आधी साडीची. नव्या साडीची घडी आपण मोडायची नसते. आपला जीव असेल अशा बाईला ती आधी नेसायला द्यायची, तिनं दिवसभर मिरवायची, मग आपण. "साडी नाही वं आई, हातातली घडी," प्रणाली म्हणाली. आईही हसली, म्हणाली, मले वाटलं लुगडं घेतलं. आणि फोन ठेवता ठेवता सहज म्हणून गेली, "तरी बी तुह्या सासूले घालाले दे एकडाव. कौशल्याबाईचा हात चांगला हाय." सिग्नल सुटला होता. मागच्या ऑटोवाल्यानं हॉर्न दिला, प्रणालीनं गाडी पुढे घेतली, पण ओठांवरचं हसू कुठे गेलं ते तिला कळलं नाही.

घड्याळ नागपूरला घेतलं होतं. भूलतज्ज्ञांच्या परिषदेला गेली असताना दुपारच्या भाषणाला कंटाळून ती बाहेर पडली आणि एका दुकानाच्या काचेत ते दिसलं. घड्याळाची तिला काडीची गरज नव्हती. वेळ मोबाइलवर दिसते, ऑपरेशन थिएटरात भिंतीवर दिसते, आणि मॉनिटर तर पेशंटच्या श्वासाश्वासाची खबर देतो. तरी ती आत गेली. विक्रेत्यानं घड्याळ मनगटावर चढवलं, खटका बसल्याचा बारीक आवाज झाला आणि पोलादाचा गार, जड पट्टा हातावर टेकला. पुरुषी घड्याळ होतं ते, मोठं. गडद निळी तबकडी, तिच्या पोटात तीन चिमुकल्या तबकड्या, बाजूला दोन बटणं, आणि मधला लांब काटा बाराच्या आकड्यावर निवांत उभा. तो नेहमी चालत नाही, विक्रेता सांगत होता. वरचं बटण दाबलं की धावायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालचं दाबलं की घरी परत. रोजचे सेकंद मोजायला खालचा छोटा काटा आहे. आणि याला चावी नाही, सेल नाही, मॅडम. तुमचा हात हलतो ना, त्यावर चालतं हे. काढून ठेवलं तर एक-दोन दिवसांत थांबतं. प्रणालीचं त्याच्या बोलण्याकडे अर्धंच लक्ष होतं. पोलाद हळूहळू अंगाच्या उबेला येत होतं, आणि इतकी वर्षं दुसऱ्यांच्या नाड्या धरणारा आपला हात ती पहिल्यांदा नीट बघत होती. बरा होता की हात. घेऊन टाकलं.

नवेपणाची एक गंमत असते आणि एक टोचणीही. पहिल्या दिवशी ती स्टिअरिंगवर हात मुद्दाम वर धरून चालवत होती, म्हणजे ऊन काचेवर पडेल आणि निळ्याचा जांभळा होईल. नितेश, तिचा नवरा, शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्यांचा मुलगा. तो म्हणाला, एका घड्याळात चार घड्याळं, आणि तरी तू घरी वेळेवर येत नाहीस. थिएटरात शिरताना ते काढावं लागे. मग मनगटावर पट्ट्याचे बारीक वळ उमटलेले दिसत आणि ती कपाटात पर्सच्या आत, पर्सच्या आतल्या कप्प्यात, रुमालात गुंडाळून ते ठेवी. रागिणी सिस्टर बघून हसायची. ऑपरेशन संपल्यावर ते पुन्हा चढवताना गार लागे, आणि पुन्हा उबेला येईपर्यंत प्रणालीला परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखं वाटे. बटण तिनं एकदाच दाबलं होतं. लांब काटा निघाला, तशी ती दचकली. कशासाठी पाठवलं याला, हेच ठरलेलं नव्हतं. लगेच थांबवून परत बोलावला.

पण त्या फोननंतर घड्याळ हातावर राहीना. त्या संध्याकाळी तिनं ते डबीत घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. सासूबाईंना घालायला द्यायला काहीच हरकत नव्हती. कौशल्याबाई खरंच गुणाच्या बाई, त्यांनी दिवसभर हौसेनं मिरवलं असतं, कीर्तनालासुद्धा घालून गेल्या असत्या. गेली काही वर्षं प्रणालीच्या साड्यांच्या घड्या त्याच तर मोडत होत्या. पण आई किती सहज म्हणाली. कुठेही खरचटल्याचा आवाज नाही. दुसऱ्याचा हात चांगला आहे असं सांगणारी ही बाई कोण होती, तर माणिकबाई, जिच्या हातासाठी माहेरी जठारपेठेतल्या बाया एकेकाळी रांग लावत.

रांग म्हणजे अगदी रांग नव्हे, पण दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत घरात परक्या साड्यांच्या पिशव्या असत हे खरं. मोर्णेच्या काठी त्यांचा फुलांचा मळा होता, झेंडू, शेवंती, गलांडा, थोडा मोगरा. आणि जठारपेठेत चौकाजवळ फुलांचं लहानसं दुकान. आई सकाळपासून हार ओवत बसायची. तिच्या अंगालाच फुलांचा वास होता, धुतल्यानं न जाणारा. कुणाची नवी साडी आली की ती आधी माणिकबाईकडे येई. आई ती नेसायची, देवाला, तुळशीला हात जोडायची, गल्लीच्या टोकापर्यंत एक चक्कर मारून यायची, आणि दिवसभर तीच साडी नेसून हार ओवायची. संध्याकाळी साडी परत जाई ती मोगऱ्याच्या वासानं भरलेली. बाया म्हणायच्या, माणिकबाईनं घडी मोडली की लुगडं लाभते. आईच्या ट्रंकेत स्वतःच्या साड्या मोजक्याच, पण गल्लीतली प्रत्येक भारी साडी पहिल्यांदा तिच्या अंगावरून गेलेली. कुणाच्या लग्नात एखादी पैठणी समोरून आली की आई कोपरानं ढोसून सांगायची, ही म्या मोडली. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असे त्याला गर्व म्हणायचं तर म्हणा. प्रणालीला मेडिकलला प्रवेश मिळाला तेव्हा पांढऱ्या एप्रनचीही घडी आईनंच मोडली होती. साडीवर एप्रन चढवून ती सकाळभर दुकानात बसली, आणि गिऱ्हाईकं विचारत होती, डॉक्टरीणबाई, शेवंती कशी दिली.

बाबांजवळ घड्याळ नव्हतं. देवीदास माळी माणूस, त्यांना उन्हावरून कळे. पण लहानपणी शाळेतल्या मुलींची घड्याळं बघून प्रणाली रडत आली, तर त्यांनी ओल्या दोऱ्यात झेंडूचं एक टपोरं फूल ओवलं आणि तिच्या मनगटाला बांधलं. सैल झालं तर दोऱ्याचे आणखी दोन वेढे दिले. घे तुही घडी, म्हणाले. आणि मग गंभीर तोंडानं विचारलं, किती वाजले बाई? तिला काय सांगावं कळेना, तर त्यांनीच वाकून फुलात पाहिलं. फुलं ओवाचे वाजले, म्हणाले. ते घरातलं बोलणंच होऊन बसलं. कुणीही वेळ विचारली की फुलं ओवाचे वाजले. जेवायच्या वेळीसुद्धा.

बाबा गेले ते करोनानंतरच्या वर्षी, झोपेत. अमरावतीहून प्रणाली पोचली तेव्हा अंगणात बाया बसल्या होत्या, त्याच बाया, आणि सगळ्या मनापासून रडत होत्या. पुढचे कित्येक दिवस त्यांनी आईला डबे पुरवले, तिच्या शेजारी निजल्या. सीमा, समोरच्या घरातली, आईची जिवाभावाची मैत्रीण, तिनं तर आईला हातानं भरवलं. कुणीही कधी वावगं बोललं नाही. फक्त साडी घेऊन कुणी आलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, लग्नं झाली. कुणी ठरवून केलं असतं तर भांडता आलं असतं. आईनंही एका शब्दानं काही म्हटलं नाही. प्रणालीला ते कळलं एका पाडव्याला, सीमाच्या घरी. पलंगावर नवी जांभळी साडी ठेवली होती, घडी न मोडलेली, आणि आई तिच्याजवळून जाताना दोन्ही हात पाठीमागे घेऊन गेली. चुकून लागू नये म्हणून. साठीतली बाई, शाळेतल्या शिक्षा झालेल्या पोरीसारखी. प्रणाली भूल देते, माणसाला दुखू नये एवढंच तिचं काम. आणि तिथं उभ्या उभ्या तिला काहीही करता आलं नाही. घरी येऊन ती नितेशवर कशावरून तरी उगाच चिडली होती.

शनिवारी तिनं कपाट उघडून डबी पाहिली. घड्याळ बंद पडलं होतं. छोटा काटा मधेच कुठेतरी अडकून बसलेला, तारीख जुनी. ते हलवलं असतं तर लगेच सुरू झालं असतं. तिनं हलवलं नाही. तिला काय हवं होतं ते आता तिला स्वच्छ कळलं होतं. आईनं ही घडी मोडून द्यायला हवी होती. सासूबाईंनी नव्हे, आणखी कुणी नव्हे. आई नाही म्हणाली तर? साडी असती तर आई नाहीच म्हणाली असती. पण ही साडी नव्हती, आणि या घोटाळ्याची सुरुवात आईनंच केली होती.

रविवारी ती एकटीच निघाली. बडनेरा मागे पडलं, मूर्तिजापूरला चहा घेतला. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती, वेचणाऱ्या बायांच्या पाठी वाकलेल्या. डबी शेजारच्या सीटवर होती आणि वळणावर सरकली की प्रणाली हात लांबवून तिला धरत होती. मनात वाक्यं जुळवत होती. आई, हे सगळं खोटं असतं. आई, जग कुठल्या कुठे गेलं. एकही वाक्य आईसमोर उभं राहण्याच्या लायकीचं नव्हतं. आईला हे खोटं असतं हे सांगणार कोण, तर जिच्या एप्रनची घडी आईनं मोडली म्हणून परीक्षेच्या दिवशी निर्धास्त झोपलेली हीच. खरं मानायचं तेव्हा मानलं, आता खोटं कसं म्हणायचं?

आई ओसरीवर हार ओवत होती. दुकान आता भाड्यानं दिलं होतं, पण ओवायला फुलं घरी यायची. रिकामं बसून अंग दुखते, असं ती म्हणे. प्रणालीनं डबी उघडून तिच्यासमोर फुलांच्या टोपलीत ठेवली. आईनं हात न लावता मान वाकडी करून पाहिलं. सुंदर हाय, म्हणाली. मग लगेच, "बंद हाय वं हे. बंद घडी घरात ठेवू नये. दुकानदारानं फसवलं तुले."

प्रणालीनं सांगितलं की बिघडलेलं नाही. याला सेल नाही, चावी नाही, हात हलला तरच चालतं. आणि माझा हात तर थिएटरात शिरला की रिकामा. कपाटात पडून थांबलं. याला हलता हात पाहिजे.

"हात तं माहे जन्मभर हालूनच रायले," आई म्हणाली. आणि म्हणताच थांबली. प्रणालीकडे बघितलं. काय घेऊन आली होती पोरगी, तिच्या लक्षात आलं. शेवटी माय होती तिची. "मले फसवून रायली काय?"

"नाही वं," प्रणाली म्हणाली. गाडीत जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. "मले तुह्याकडूनच मोडून पाहिजे."

आईनं सुईत दोरा ओवला, जो आधीच ओवलेला होता. मोडाले सवाष्ण पाह्यतेत, हळूच म्हणाली, तुले काय सांगावं, तू शिकेल हायस. मग उठली, चहा ठेवते म्हणाली आणि आत गेली. ओसरीवर प्रणाली आणि टोपलीत बंद घड्याळ, झेंडूच्या पिवळ्यात ते निळं फार परकं दिसत होतं. आतून भांड्याचा आवाज आला, मग नुसतंच नळाचं पाणी वाहिल्याचा, बराच वेळ. प्रणालीला वाटलं, आपण चूक केली. जी जागा तिनं न रडता झाकून ठेवली होती तिच्यावर आपण बोट ठेवलं, ते कुणासाठी, तर आपल्याच हौसेच्या घड्याळासाठी. चहा प्यायचा, जेवायचं, आणि याचं नावही न काढता परत जायचं. ती डबी मिटायला वाकली, तोच आई दारात आली. चहा आणला नव्हता. हात कोपरापर्यंत धुतलेले होते आणि ती ते पदरानं पुसत होती. खाली बसली आणि डावा हात पुढे केला, तळवा वर, नजर दुसरीकडे. सलाइनच्या सुईसाठी लोक करतात तसा.

"बांध," म्हणाली.

प्रणालीनं घड्याळ तिच्या मनगटावर घातलं, खटका बसला आणि घड्याळ सरळ कोपराकडे घसरत गेलं. आईचा हात इतका बारीक झाला आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आईलाच हसू फुटलं. तिनं टोपलीतला ओला दोरा घेतला आणि दातात टोक धरून पट्ट्याला दोन वेढे दिले, घट्ट गाठ मारली. प्रणाली त्या वेढ्यांकडे बघत राहिली. आईनं हात हलवून पाहिला आणि छोटा काटा चालू लागला. पण हा लांबवाला अजून बंदच हाय की, आईची तक्रार होती. प्रणालीनं तिचं बोट धरून वरचं बटण दाबायला लावलं. लांब काटा निघाला.

"म्हंजे सांगतल्याबिगर उठत नाही," आई म्हणाली. "तुह्या बाबासारखा." आणि मग दोघी हसल्या, आणि हसता हसता आईच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं तसंच येऊ दिलं. बाबांचं नाव घरात हसून निघालं, हे किती दिवसांनी.

मग मात्र तिनं सगळं रीतीनं केलं. देवापुढे गेली, तुळशीपुढे गेली, भिंतीवरच्या बाबांच्या फोटोसमोर क्षणभर हात नुसता उभा धरला. पुढे चक्कर होती, गल्लीच्या टोकापर्यंत. फाटकाशी ती थबकली आणि प्रणालीला वाटलं आता माघारी येईल. आईनं पदर सारखा केला, डावा हात पदराबाहेर काढला आणि निघाली. प्रणाली ओसरीवरच उभी राहिली. सोबत जावं असं वाटलं, पण घडी मोडायला एकटीनंच जायचं असतं. समोर सीमा दारात गहू निवडत होती. काय आहे हातात, तिनं विचारलं.

"पोरीची नवी घडी हाय," आई म्हणाली. "मोडून रायली."

सीमाचे हात सुपात थांबले. तिनं आईच्या मनगटाकडे पाहिलं, वर चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा मनगटाकडे. इतक्या वर्षांच्या मैत्रिणी, काय काय तिच्या मनातून गेलं असेल ते तिचं तिला माहीत. तिच्या घरात पाठीमागे भिंतीवर तबकाएवढं घड्याळ टांगलेलं होतं, ओसरीवरूनही दिसणारं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"मंग सांगा माणिकबाई," म्हणाली, "किती वाजले?"

आईनं हात डोळ्यांजवळ नेला. निळ्या तबकडीत तीन तबकड्या, त्यांचे काटे, वरून धावणारा लांब काटा. खरी वेळ कुठली हे शोधायला वेळ लागला असता. आईनं तो घेतला नाही.

"फुलं ओवाचे वाजले," ती म्हणाली आणि पुढे गेली. तिची पाठ ताठ होती. प्रणाली ओसरीच्या खांबाला धरून उभी होती आणि रडत होती, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

दिवसभर आई घड्याळ घालूनच वावरली. भाकरी थापताना ते कोपरापर्यंत वर सारलं, हार ओवताना पुन्हा खाली घेतलं, मधूनच बटण दाबून लांब काट्याला उगाच एक फेरी मारायला पाठवलं. उन्हं कलली तशी तिनं गाठ सोडायला घेतली. साडीची रीत एका दिवसाची, संध्याकाळी परत. प्रणालीनं तिचा हात धरला आणि म्हणाली, साडीची गोष्ट वेगळी, ही घडी आहे, हिला हलता हात पाहिजे, राहू दे काही दिवस. आईनं जरा विचार केला. बरं, म्हणाली, मंग नीटच मोडतो. गाडी गल्लीच्या टोकाला वळताना प्रणालीनं आरशात पाहिलं. आई आणि सीमा फाटकात उभ्या होत्या, आणि सीमा आईचा हात हातात घेऊन बटण दाबत होती.

सोमवारी सकाळी थिएटरबाहेर हात धुताना प्रणालीनं सवयीनं डावं मनगट चाचपलं. काढायला काही नव्हतं. रागिणी सिस्टर शेजारच्या नळावर होती. बाबा गेले तेव्हा हिनंच प्रणालीच्या सगळ्या केसेस दुसऱ्या डॉक्टरांना फोन करून वाटून दिल्या होत्या. तिनं विचारलं, मॅडम, नवीन घडी दिसत नाही आज. प्रणाली दवाखान्यात नेहमी पुस्तकी मराठी बोलायची, शिकायला लागल्यापासूनची सवय. आज तोंडात आलं तेच बोलली.

"मोडाले देली."

रागिणी हसली. तिला घडी म्हणजे काय आणि मोडणं म्हणजे काय दोन्ही कळत होतं. साबणाचा हात तसाच ठेवून तिनं विचारलं, "कोणाले?"

"माह्या आईले," प्रणाली म्हणाली.

रागिणीनं नळ बंद केला. "मंग लाभते मॅडम," म्हणाली.